टोपणाची टक्

“वाजलं?” रेइनोनं विचारलं.

“वाजलं,” इर्या म्हणाली आणि तिनं ज्योत बाजूला केली.

तिला काही ऐकू आलं नव्हतं. हातातल्या छोट्या गॅस बर्नरचा फुसफुसाटही तिच्या कानांपर्यंत नीट पोचत नव्हता. तिनं नुसत्या अंदाजानं ज्योत हटवली आणि ती बोटाएवढी पोलादी नळी नवऱ्याच्या ओठांना लावली. रेइनोनं श्वास आत घेतला. लगेच त्याचे डोळे विस्फारले, मान मागे झटकली गेली आणि तो खोकायला लागला. खोकता खोकता पोटातून उमाळा आला. इर्यानं नळी बशीत टाकून तसराळं पुढे धरलं. सकाळपासून कसाबसा पोटात ठेवलेला लापशीचा घास सगळा बाहेर पडला. खोलीभर जळक्या पाल्याचा कडू वास पसरला.

बऱ्याच वेळानं तो उशीवर टेकला. बोलायच्या आधी त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं. इतक्या वर्षांत ती सवय त्याच्या मानेला लागली होती. समोरून ओठ दिसल्याशिवाय बायकोला काही कळत नाही, हे तो झोपेतसुद्धा विसरत नसे.

“जाळलंस.”

“ज्योत जरा जवळ गेली असेल.”

“इर्या, तू ऐकलंच नाहीस.”

“ऐकलं म्हणते ना!”

त्यानं डोळे मिटले. डोळे मिटले की त्याचं बोलणं संपलं, आणि तिचंही.

इर्या लांपिनेननं उभा जन्म कागदाच्या गिरणीत काढला होता. भल्या मोठ्या रिळांवर कागद गुंडाळणाऱ्या यंत्रापाशी ती उभी असायची. सुरुवातीच्या वर्षांत कानात बोळे घालणाऱ्याला तिथं लोक हसत. आधी चिमण्या गेल्या, मग किटलीची शिट्टी, मग फोनची घंटा. बारीक, टोकदार आवाज एकेक करून निघून गेले. पुढे माणसांच्या बोलण्यातलेही कितीतरी आवाज हरवले आणि शब्द अर्धेमुर्धे उरले. कानातलं यंत्र घेतलं होतं, पण त्यातून फ्रीजची घरघरच जास्त यायची. ते खणात पडून होतं. इर्या ओठ वाचायची आणि जिथं ओठ वाचता यायचे नाहीत तिथं मान डोलवायची. ‘ऐकलं’ म्हणणं हा तिच्या तोंडचा चाळाच झाला होता. दुकानात, चर्चमध्ये, पोरीच्या लग्नात. त्यानं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

रेइनो गावाच्या रस्त्यांवर बर्फ सारायची गाडी चालवायचा. निवृत्तीनंतर त्याच्या पोटात कर्करोग निघाला. औषधाचा प्रत्येक डोस चढला की अन्नाचा वाससुद्धा त्याला नकोसा व्हायचा. ओकारीच्या गोळ्या ओकारीतूनच बाहेर यायच्या. दवाखान्यातल्या नर्सनंच गांजा घेऊन बघायला सांगितलं. इथं कायद्यानं चालत असल्यामुळे तो गावातल्या दुकानात उघड मिळत होता. त्याच्या गोळ्या पोटात टिकेनात, आणि वर्षानुवर्षं सिगरेटी ओढून खराब झालेल्या छातीला धूर चालणार नव्हता. तेव्हा मार्सेलनं ही नळी आणून दिली. मार्सेल इर्याच्याच यंत्रावरचा जुना सोबती. पाठीच्या दुखण्यासाठी तो स्वतः ती वापरायचा.

“ही चिलमीसारखी पेटवायची नाही,” तो म्हणाला होता. “टोपणाखाली पाला आहे. बाहेरून टोपण तापवायचं, नळी फिरवत फिरवत. पाला भाजला पाहिजे, जळता कामा नये. तापला की टोपण टक् करतं. टक् झालं की थांब. निवलं की पुन्हा टक् करतं. त्याच्या आत परत तापवलंस तर मेलास.”

रेइनोला ते यंत्र फार आवडलं. पाला हातानं चुरायचा, फार बारीक नाही, फार जाडा नाही. नळीत सैल भरायचा, म्हणजे हवा खेळते. काजळीनं काळं पडलेलं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं रोज पुसायचं. पाच-सहा आठवडे तो हे सगळं स्वतः करत होता आणि त्यानंतर थोडं जेवतही होता. मग कर्करोगाच्या औषधानं त्याच्या बोटांतली जाणीव गेली. एका दुपारी पेटता बर्नर हातातून निसटला आणि टेबलावरच्या कापडानं पेट घेतला. छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा किंचाळत होता. इर्या तळघरात धुतलेले टॉवेल घड्या करत बसली होती. वर आली तेव्हा रेइनो ओल्या फडक्यानं आग बडवत होता. त्याच्या तळहातावर फोड आले होते आणि दुखत कसं नाही, म्हणून तो हाताकडे बघत होता.

त्या दिवसानंतर त्याची थोरली बहीण हेल्मी मुक्कामाला आली होती. आत्ताही ती दारात उभी होती. एप्रन बांधलेला, ओठ घट्ट मिटलेले.

“परत?” हेल्मीनं विचारलं.

“त्याला काहीतरी खायला हवं, हेल्मी. परवा वजन आहे.”

ते वजन सगळ्यांच्याच मानेवर बसलं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन असंच घसरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही, शरीराला तो झेपायचा नाही.

“माझं सूप आहे ना चुलीवर.”

“सुपाचा वास आला तरी तो तोंड फिरवतो.”

“आणि ह्या धुरानं काय केलं? आत होतं तेवढंही गेलं.” हेल्मी आत आली आणि तिनं तसराळं उचललं. मग पाठ करून ती आणखी काहीतरी बोलली. इर्याला तिचे खांदे हलताना दिसले.

“काय म्हणालीस?”

हेल्मी वळली. आता ती एकेक शब्द सुटा करून बोलली, मूर्ख मुलीशी बोलावं तशी. “म्हटलं, घर पेटलं तरी तुला कळत नाही. आणि तुझ्या हातात ज्योत!”

ते खरं होतं.

ती रेइनोच्या चादरी बदलून, धुवायला टाकून वर आली. बशीत नळी होती. पाल्याची डबीही होती. बर्नर नव्हता. खण बघितला, खिडकीची फळी बघितली, कचऱ्याचा डबा उपसला. स्वयंपाकघरात हेल्मी गाजरं चिरत होती.

“बर्नर कुठाय?”

“टाकला.”

“कुठे?”

हेल्मीनं सुरीचं टोक खिडकीकडे केलं.

बाहेर अंगणाच्या कडेला साठलेल्या बर्फाची भिंत उभी होती, माणसाच्या छातीइतकी. इर्यानं रेइनोचा जुना कोट अंगात घातला, बूट चढवले, फावडं घेतलं आणि ती बाहेर पडली. सरोवरावरून येणारा वारा नाकात शिरला की आतले केस ताठ व्हायचे. बर्फावर एके ठिकाणी भोक दिसलं. तिथं खणलं, काही नाही. शेजारी खणलं. फावड्यानं बर्नर फुटेल म्हणून मग हातमोजे घालून हातांनीच उकरायला लागली. हेल्मी खिडकीत उभी होती. इर्यानं एकदाच वर बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं. ह्या बाईनं रेइनोला लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं, त्याची आई अंथरुणाला खिळलेली असताना. तो खंगत चाललेला तिलाही बघवत नव्हता. हे सगळं इर्याला कळत होतं, आणि तरीही त्या क्षणी तिला हेल्मीचा इतका संताप आला होता की तिचे दात वाजत होते ते थंडीनं की रागानं, ते तिचं तिलाच कळेना.

बर्नर सापडला तेव्हा तिची बोटं लाकडासारखी झाली होती. खटका दाबला. ठिणगी पडली, ज्योत नाही. आतला गॅस गारठला होता. इर्यानं कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला आणि तो बर्फाचा तुकडा पोटाशी धरून मटकन पायरीवर बसली.

तिथंच मार्सेलची गाडी येऊन थांबली. तिनं सकाळीच त्याला फोनवर दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या.

“पोटुशी आहेस का, म्हातारे?” गाडीतून उतरत तो म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं दार उघडून धरलं.

स्वयंपाकघराच्या टेबलापाशी तिनं त्याला सांगितलं. आवाज फार चढू नये म्हणून हळू बोलली, तरी तो चढलाच असावा, कारण हेल्मीनं मान वळवली.

“मला ती टक् ऐकू येत नाही, मार्सेल. कधीच आली नाही. सकाळी मी त्याला खोटंच सांगितलं.”

मार्सेलनं टोपी काढून टेबलावर ठेवली. “मला हे आधीच कळायला हवं होतं. गिरणीत तुझ्या शेजारीच उभा असायचो की मी.” त्यानं रिकामी नळी तिच्या हातात दिली. “कान सोड. बोटांनी ऐक. आधी पाला नको, नुसती तापव.”

ज्योत पेटली. इर्यानं नळी फिरवली. मार्सेलनं एकदम हात वर केला.

“झाली टक्. जाणवली?”

“नाही.”

“परत.”

पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेलाही नाही. इर्याच्या कपाळावर घाम आला.

“मुठीत आवळलीयेस,” मार्सेल म्हणाला. “फावडं आहे का ते? चिमटीत धर. सैल. पडेल इतकी सैल. आणि ज्योत टोपणाच्या कडेशी, अशी थोडी लांब. घाई केलीस की पाला बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो.”

तिनं बोटं ढिली केली. नळी दोन बोटांत आणि अंगठ्यात फिरत राहिली. आणि मग तिला कळलं. आवाज नव्हता तो. अंगठ्याच्या पेरावर आतून कुणीतरी राईचा दाणा मारावा तसं काहीतरी झालं. तिनं ज्योत काढली.

मार्सेल काही बोलायच्या आत ती म्हणाली, “थांब. तू माझ्याकडे बघतोस, मी तुझ्याकडे बघते. ह्यात खरं-खोटं कळायचं नाही. हेल्मी!”

हेल्मीनं सुरी ठेवली.

“तुझे कान चांगले आहेत. तू तिकडे तोंड करून उभी राहा. टक् ऐकू आली की हात वर कर. मार्सेल बघेल, तुझा हात आणि माझी ज्योत बरोबर येतात का ते.”

“मला असल्या गोष्टीत ओढू नकोस.”

“मला जमलं नाही तर मी स्वतः हा बर्नर परत बर्फात टाकते. तुझ्यासमोर.”

हेल्मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शिक्षा झालेल्या पोरीसारखी. पहिल्या खेपेला तिचा हात आधी वर गेला आणि ज्योत उशिरा हटली. “उशीर,” मार्सेल म्हणाला. टोपण निवेपर्यंत तिघंही थांबले. दुसऱ्या खेपेला हात आणि ज्योत जवळजवळ बरोबर. तिसऱ्याला बरोबर. चौथ्याला इर्यानं ज्योत काढली, पण हेल्मीचा हात खालीच होता.

इर्यानं मार्सेलकडे बघितलं.

“हेल्मी,” मार्सेल म्हणाला, “मला तर ऐकू आलं. तुला नाही आलं?”

“आलं.”

“मग हात?”

हेल्मी वळली. तिचे गाल लाल झाले होते. “बघत होते, ही माझ्या हाताकडे बघून करते का.” मग इर्याकडे नीट तोंड करून ती म्हणाली, “नाही केलंस.”

आणि ती पुन्हा गाजरांकडे गेली.

रेइनो जागा झाला तेव्हा उन्हं उतरत होती. उशाशी इर्या बसलेली, तिच्या हातात नळी. त्यानं मान हलवली.

“नको. छाती अजून जळतेय.”

“रेइनो, सकाळी मी ऐकलं नव्हतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला.

“खोटं बोलले. त्या दिवशी तू म्हणालास, आता तूच तापव, तेव्हाही टक् ऐकू येते असं खोटंच बोलले. मला वाटलं होतं, अंदाजानं जमेल.”

“माहितेय मला.”

“मग काही बोलला का नाहीस?”

“बोललो असतो. तू मान डोलवली असतीस.” त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. “लग्नात पाद्रीनं विचारलं, तेव्हा तरी ऐकू आलं होतं का?”

“तेव्हा कान धड होते माझे. पाहिजे तर शपथेवर सांगते.”

“मग दोष कानांचा नाही म्हणायचा.”

ती हसली नाही. तिनं त्याला मार्सेलचा धडा सांगितला, हेल्मीची परीक्षाही सांगितली. रेइनोनं हेल्मीचं नाव ऐकून भुवया वर केल्या. नको म्हणाला असता तर इर्यानं जबरदस्ती केली नसती. पण मग परवाचा दिवस काय घेऊन येईल, ते दोघांनाही माहीत होतं.

“एकदा,” तो म्हणाला. “जाळलंस तर पुन्हा नाही.”

तिनं पाला चुरून सैल भरला, टोपण लावलं आणि खुर्ची वळवून पलंगापासून दूर केली. बर्नर पेटवला. ज्योत टोपणाच्या कडेला, जराशी लांब. नळी फिरू लागली. रेइनोनं विचारलं नाही, ‘वाजलं का’ म्हणून. तो फक्त तिच्या हाताकडे बघत होता. इर्यानं डोळे मिटले. मिटल्यावर तिला वाटलं, आपण चूक करतोय, डोळेही सोडले तर उरलं काय. वेळ लांबत गेला. हात फिरत होता. आता जळतंय, आता नक्की जळतंय, असं मनात आलं पण तिनं ज्योत हटवायचा मोह आवरला.

अंगठ्यावर दाणा लागला.

तिनं ज्योत विझवली आणि नळी त्याच्या ओठांना लावली. “हळू. गरम सूप भुरकतोस तसा नको. लांब, हळू.”

त्यानं ओढलं. छाती वर आली. इर्याचा दुसरा हात तसराळ्यावर होता. त्यानं श्वास सोडला. ओठांतून निघालं ते धुकं इतकं पातळ होतं की खिडकीच्या उजेडात ते जेमतेम दिसलं. जळका वास नव्हता. वाळलेल्या गवतासारखा, थोडा पाइनच्या चिकासारखा वास होता.

तो खोकला नाही.

निवण्याची टक्ही तिच्या चिमटीतच उतरली. मग पुन्हा ज्योत, पुन्हा लांब श्वास. दारामागे जमिनीची फळी हलली, म्हणजे तिथं कुणीतरी उभं होतं. फळीची धडधड इर्याला तळपायांतून कळायची.

थोड्या वेळानं रेइनोनं नाक वर केलं. “हेल्मी काय शिजवतेय?”

“दुधातलं माशाचं सूप. बटाटे घालून.”

“शेपू घातलाय?”

इर्यानं उत्तर द्यायच्या आत दार उघडलं. हेल्मी वाडगा घेऊन उभी होती. दुसऱ्या हातात, पाठीमागे लपवलेलं, रिकामं तसराळं होतं. रेइनोनं पाच चमचे खाल्ले. मग थांबला. दोघी त्याच्या घशाकडे बघत राहिल्या. तो म्हणाला, “काय बघताय? फुटणार नाहीये मी,” आणि त्यानं सहावा चमचा मागितला.

ते अन्न पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यानं मात्र आधीपेक्षाही कमी दाखवलं. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून इर्यासमोर घेतली, तोंड उजेडात धरलं आणि आता पुढचा डोस नाही, असं सावकाश सांगितलं. इर्याला एकूण एक शब्द कळला. मान डोलवायची सवय असूनही त्या वेळी तिनं मान डोलवली नाही.

परत येताना ती गाडी चालवत होती. बाजूला रेइनो काहीतरी बोलत होता, हे तिला डोळ्यांच्या कडेतून दिसत होतं. रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती. पूर्वी असं झालं की ती ‘हं हं’ करायची. आज तिनं दिवे लुकलुकते केले, गाडी रस्त्याच्या कडेला बर्फाशी लावली आणि त्याच्याकडे पूर्ण वळली.

“काय म्हणालास? मला ऐकू आलं नाही.”

तो थोडा गोंधळला. मग त्यानं नीट सांगितलं. “म्हटलं, बरं झालं. आता जे खाईन ते काट्यासाठी नाही. मला अंथरुणात वाडगा नको. मला टेबलापाशी जेवायचंय, माणसासारखं.”

पुढे सरोवरावरचा बर्फ फुटायच्या आत तो गेला. पण त्याआधी काही रविवार मिळाले. त्यातला पहिला असा होता: इर्यानं दुपारी नळी तापवून दिली आणि मग त्यानं इस्त्रीचा शर्ट मागितला. शर्टाची बटणं तिनं लावली, कॉलर त्याच्या मानेभोवती सैल उभी राहिली. हेल्मीनं टेबलाला नवं कापड घातलं होतं, पांढरं. रेइनो भिंत धरत धरत आला आणि आपल्या जागी बसला. हेल्मीनं प्रार्थना म्हटली, ओठ इर्याकडे करून.

हेल्मी चमचा घेऊन त्याला भरवायला पुढे झाली, तेव्हा त्यानं फक्त तिच्याकडे बघितलं. तिनं चमचा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं तो मुठीत धरला, जाणीव नसलेल्या बोटांनी, लहान मूल धरतं तसा. पहिला घास वाटेतच सांडला. दुसरा अर्धा पोचला.

इर्या आणि हेल्मी खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर काही नव्हतं, नुसतं पांढरं अंगण होतं. त्याचं जेवण होईपर्यंत दोघी तिकडेच बघत बसल्या.